जिभेचा बुधवार, मनाचा रविवार

१८ जानेवारी, रविवार. खिडक्यांच्या जाळ्या धुवायला काढल्या आहेत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अजून लूमचा कारखाना सुरू आहे. तिथली बारीक रुई उडत घरात येते आणि जाळ्यांवर बसते. महिन्याभरात जाळीची गोधडी होते. निम्म्या जाळ्या धुऊन झाल्या, बाकीच्या मोरीत भिजत पडल्या आहेत. एरवी मी काम अर्धं टाकत नाही. आज टाकलं, कारण दुपारी हॉस्पिटलमध्ये जाऊन आले आणि येताना एक प्रश्न घेऊन आले. प्रश्न माझा नाही. उत्तर मात्र उद्या सकाळी मला द्यायचं आहे.

प्रश्न असा, की माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या माणसाच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं की नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. बोलतो, हसतो, सलाइन कसं लावायचं ते नर्सला शिकवतो. बायको उशाशी बसलेली आहे. तरी ठरवायचं मी. का, तर आज रविवार आहे.

एवढं वाचून कोणालाच काही कळणार नाही. मलाही नीट कळत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहून बघते.

दापोड्याच्या एका गोदामात मी कामाला लागले तेव्हा ते माल पाठवण्याचे इन्चार्ज होते. पडघ्याच्या अलीकडच्या एका गावातले, बौद्धवाड्यातले. तरुणपणी भिवंडीत लूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून चालू करणारा. पुढे ते लूम भंगारात गेले, हे गोदामात आले, पण नाव सुटलं नाही. ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना जॉबरच म्हणत. मी भाऊ म्हणायचे. ते मला 'बाय' म्हणत.

पहिल्याच सकाळी मी त्यांना मागच्या शटरजवळ हजेरी घेताना पाहिलं. समोर कोणीही नव्हतं.

"डोळे?" ते म्हणाले. मग पापण्या दोनदा मिटून उघडल्या आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर."

"मान?" मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कट्ट असा आवाज आला. "हजर. पन लेट."

"डावा गुडघा?" बराच वेळ उत्तर नाही. त्यांनी वाकून गुडघ्यावर हात ठेवला. "काय रे, कुठं व्हतास?"

मी विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"माणसं कामावर आलीत का बगतोय. तू बगतेस का कधी?"

"मी आले म्हणजे सगळी आलीच की."

"असं समजू नको बाय. लूमवर व्हतो तवा मी महिनाभर कामाला येत व्हतो आन् माजे कान येतच न्हवते. शेठ आईबापावरनं शिव्या देत व्हता, मला वाटायचं लाड करतोय."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. ते विनोद करत होते की खरंच सांगत होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतरही फारसं कळलं नाही.

त्यांच्या डोक्यात हे कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचा शेठ भिवंडीतला जुना कोकणी मुसलमान, शिस्तीचा माणूस. शुक्रवारी कारखाना बंद म्हणजे बंद. व्यापारी दारात येऊन बसला तरी बंद. शेठचं म्हणणं असं, की ज्या मशीनला मालक सुट्टी देत नाही ते मशीन आपली सुट्टी आपण काढतं आणि नेमकी घाईच्या दिवशी काढतं. भाऊंना हे पटलं. फक्त त्यांना पुढचा प्रश्न पडला. शुक्रवारी लूम बंद, माणूस घरी, पण माणसाचे डोळे, हात, पोट, जीभ? ती तर शुक्रवारीही राबतातच. मग त्यांनी एकेकाला साप्ताहिक सुट्टी लावून दिली. सगळ्यांना एकाच दिवशी दिली तर कारखाना बसेल, म्हणून वार वाटून दिले.

सोमवार पोटाचा. त्या दिवशी फक्त पेज. मंगळवार डोळ्यांचा. जेवणाच्या सुट्टीत ओला रुमाल डोळ्यांवर टाकून पडायचं आणि दिवसभर एकही अक्षर वाचायचं नाही. गठ्ठ्यांवरची लेबलं आम्ही वाचून दाखवायची. बुधवारी जिभेला सुट्टी. सकाळपासून झोपेपर्यंत एक शब्द नाही. शुक्रवार कानांचा, कापूस घालून. शनिवार गुडघ्यांचा होता की कमरेचा, यावर त्यांच्या बायकोचा आणि माझा अजून वाद आहे. त्यांना विचारलं तर म्हणतात, "ते दोघं आपसात बदलून घेतात." रविवार मनाचा, त्याचं पुढे सांगते.

गुरुवार उजव्या हाताचा. त्या दिवशी जेवण डाव्या हाताने, लिहिणं डाव्या हाताने आणि गाडीबरोबर जाणाऱ्या चलनावर सहीसुद्धा डाव्या हाताने. ती सही म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखी. एका नव्या ड्रायव्हरने चलन हातात घेतलं आणि उलटं-सुलटं करून पाहिलं.

"ये किसका साइन है? बच्चे ने किया क्या?"

"मेराच है. दूसरावाला हाथ छुट्टी पे है."

"आपका हाथ छुट्टी पे है, चाचा, मेरी गाडी तो ड्युटी पे है ना? टोलनाके पे किसीने पकडा तो?"

"तो बोलनेका, आज गुरुवार है."

पुढे पुढे ड्रायव्हरच गेटवर विचारू लागले, "आज लेफ्टवाले जॉबर हैं क्या?"

मला हा सगळा वेडाचार वाटायचा. माझी कामाची पद्धत वेगळी. मी उभ्याने वडापाव खाते, चालता चालता फोन करते, अंग दुखलं तर गोळी घेते आणि पुढे जाते. शरीराशी गप्पा मारायला मला वेळ नव्हता. हे मी त्यांना एकदा सरळ सांगितलं.

"तुजा येळ कोन मागतोय?" ते म्हणाले. "पोट आपलाच येळ मागतंय. तुज्याकडनं न्यायचा तर न्हाय."

मी वडापाव संपवला आणि कामाला लागले.

दिवाळीत ते पायांना बोनस द्यायचे. वर्षभर गोदामाच्या सिमेंटवर उभे राहतात म्हणून पायांना वज्रेश्वरीला न्यायचं, गरम पाण्याच्या कुंडात बसवायचं. एका वर्षी आम्ही ऑफिसातले सगळेच टेम्पो करून गेलो. बाकीचे देवळात गेले. हे देवळाच्या वाटेला गेले नाहीत, सरळ कुंडावर. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडले आणि बघत बसले, नातवाला पोहताना बघावं तसे. मीही शेजारी पाय सोडून बसले. पाणी चांगलं कडक होतं.

मी विचारलं, "रविवारी मनाला सुट्टी म्हणजे नक्की काय करता? झोपता?"

"झोप येगळी. रविवारी मी समदी कामं करतो. लाकडं फोडतो, भांडी घासतो, ड्युटी असली तर ड्युटी करतो. फक्त ठरवत काय न्हाय."

"म्हणजे?"

"हे करू का ते करू, असं आलं का सोडून द्यायचं. काय खायचं ते बायको ठरवते. छत्री घ्यायची का ते पाऊस ठरवतो."

"आणि कोणी काही विचारलंच तर?"

"उद्या इचार."

"घराला आग लागली तर?"

"पानी टाकायला ठरवायला कशाला लागतंय?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तू येक रविवार करून बग बाय. अंग हलकं व्हतं."

मी करून बघितलं. दूध तापायच्या आत माझं भाजीचं ठरलं होतं, मुलाच्या क्लासचं ठरलं होतं आणि नणंदेला फोनवर काय सुनवायचं तेही वाक्यासकट ठरलं होतं. सोमवारी मी त्यांना हे सांगितलं. ते गंभीर झाले. "तुजं मन डबल ड्युटी करतंय," म्हणाले आणि दिवसभर माझ्याकडे काळजीने बघत राहिले. मला त्याचा राग आला. माझं काय वाईट चाललं होतं?

आता ओल्या मालाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आजचं कळणार नाही.

आमचं गोदाम रविवारीही चालू असे. सुट्ट्या फिरत्या होत्या. पावसाळ्यातल्या एका रविवारी भाऊंची ड्युटी होती. माझीही होती. कोपऱ्यातला पत्रा गळत होता आणि खाली कापडाचे गठ्ठे रचलेले होते. हमाल येऊन विचारून गेले, गठ्ठे पलीकडे हलवायचे का? भाऊ म्हणाले, "उद्या इचार." दुपारी मी स्वतः विचारलं. मला म्हणाले, "बाय, आज रविवार." माझ्या हातात तेव्हा अधिकार नव्हता. संध्याकाळी पाऊस वाढला. सोमवारी सकाळी खालच्या दोन थरांतून पाणी निथळत होतं. घेणाऱ्याने सगळा माल नाकारला.

हेड ऑफिसचे साहेब चौकशीला आले ते नेमके बुधवारी.

"रविवारी इन्चार्ज कोण होतं?" साहेबांनी विचारलं.

भाऊंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"माल का हलवला नाही?"

भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे दाखवलं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब मला म्हणाले.

"आज त्यांची जीभ सुट्टीवर आहे, साहेब," मी म्हटलं. म्हटल्यावर मला ऐकू आलं की आपण काय म्हणतोय.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मग तुम्ही सांगा."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, सांग. मी सांगितलं. पत्रा गळतो ही तक्रार आम्ही आधीच केली होती, वर कोणी लक्ष दिलं नाही, हेही सांगितलं. पण माल हलवता आला असता. जागा होती, माणसं होती, हमालांनी विचारलं होतं, मी विचारलं होतं. यांनी उद्या म्हटलं. चूक यांची आहे. मी बोलत होते आणि ते शेजारी उभे राहून ऐकत होते. एक शब्द बोलले असते तर निदान कारण सांगता आलं असतं, माफी मागता आली असती. ते बोलले नाहीत. 'चूक यांची आहे' या वाक्याला मात्र त्यांनी मान डोलावली, माल मोजून बरोबर भरला की डोलवायचे तशी.

महिन्याभरात त्यांची खुर्ची मला मिळाली आणि ते माझ्या हाताखाली आले. मी बोलले ते खरं होतं. आजही तसंच बोलेन. पण चौकशीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते डाव्या हातात चहाचा ग्लास धरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बदलीनं काम चोख केलं."

लूमवर कायमचा माणूस सुट्टीवर गेला की त्याच्या जागी दिवसभर उभा राहतो त्याला बदली म्हणतात. मला समजायला वेळ लागला. म्हणजे आदल्या दिवशी मी त्यांच्या जिभेची बदली होते.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"राग कुनाचा? माज्याच जिभेचा?"

"मी तुमच्याविरुद्ध बोलले, भाऊ."

"आयकलं की मी. कान ड्युटीवर व्हते." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "रविवारचं पन बदली लावायला पायजे व्हतं, ते मी इसरलो. ती चूक झाली. आता रविवारची बदली पन तूच."

तेव्हापासून ते रविवारी माझ्याकडे यायचे. मी त्यांची साहेब, तरी दारात उभे राहून विचारायचे, "बदली, गाडी सोडू का?" मी सोडा म्हणायचे की सोडायचे. थांबा म्हटलं की थांबायचे. कामात खोट काढायला जागा नव्हती. रिटायर होऊन गावी गेले तरी अधूनमधून रविवारी फोन यायचा. "बदली, गवत कापू का आज?" कापा. "बदली, ल्येक बोलतोय मोबाइल बदल. बदलू का?" नका बदलू. मला वाटायचं, म्हातारा गंमत करतो आणि मलाही बरं वाटतं.

काल, शनिवारी, त्यांच्या छातीत कळ आली. गावच्या डॉक्टरने ठाण्याच्या वाटेवरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. आज दुपारी त्यांच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला, "ताई, तुमी येता का जरा? हे काय ऐकत न्हाईत."

गेले तर ते पलंगावर बसून नर्सशी बोलत होते. तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मला बाजूला घेतलं नाही, सगळं त्यांच्यासमोरच सांगितलं. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत. सल्ला बायपासचा. पण किडनी थोडी कमजोर आहे, साखर आहे, वय आहे, त्यामुळे धोका नेहमीपेक्षा जास्त. नाही केलं तर गोळ्यांवर घरी जाता येईल, पण पुढचा झटका कधी येईल आणि केवढा येईल ते सांगता येत नाही. सर्जन उद्या आहेत, हो म्हटलं तर उद्याच घेतील. सकाळी हो किंवा नाही सांगा.

"चालू असताना शिवता कसं?" भाऊंनी डॉक्टरला विचारलं. हे त्यांनी बहुतेक आधीही विचारलं होतं.

"थोडा वेळ हृदय थांबवतात, काका. तेवढा वेळ त्याचं काम मशीन करतं."

डॉक्टर गेल्या. मी म्हटलं, "काय ठरवलंत?"

"आज रविवार हाय. बदली तू."

"भाऊ, हा गवत कापायचा प्रश्न नाही."

"कशाचा प्रश्न हाय ते मला म्हाईत हाय."

"मग वहिनींना ठरवू द्या."

"ती बदली कशी व्हईल? ती याच मशीनवर हाय."

वहिनी फणकारल्या. "मशीन म्हणे! मशीनला निदान बंद करायचं बटण तरी असतंय. लगीन झाल्यापासून यांच्या अंगाच्या सुट्ट्या मी सांभाळतेय, ताई. आज जिभेला सांभाळा, उद्या गुडघ्याला सांभाळा. इतकं सांभाळून काय झालं? आन् मी हो म्हटलं आन् काय कमीजास्त झालं, तर भाऊबंद मला जगू देनार हायेत का? मी न्हाय ठरवत."

त्या चहा आणायला बाहेर गेल्या. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"घाबरलात का?"

त्यांनी सलाइनची नळी सरळ केली. मग म्हणाले, "लूम बंद करायला काय लागत न्हाय, बाय. मी लई बंद केलेत. परत चालू करताना कोन्ता व्हईल आन् कोन्ता न्हाय, ते मला इतकी वर्सं काम करून पन कळत न्हवतं. कालपरवापर्यंत चांगला चाललेला लूम, तेल घालाय बंद केला आन् उठलाच न्हाय." मग म्हणाले, "समद्यांना सुट्टी दिली मी. याला कधी दिली न्हाय. देता येतच न्हाय ना."

"म्हणजे तुम्ही नको म्हणताय?"

"मी काय पन म्हनत न्हाय. आज रविवार हाय."

तर हे असं आहे.

मी माणूस ठरवणारी आहे. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी ठरवलं, मुलाची लाइन मी ठरवली, रोज किती गाड्या कुठे सोडायच्या ते मी ठरवते आणि रात्री मला झोप लागते. आज संध्याकाळपासून नुसती बसले आहे. मगाशी नवऱ्याने येऊन विचारलं, "जाळ्या तशाच ठेवू की काढून वाळत घालू?" मी म्हटलं, "उद्या विचार." तो बघतच राहिला. मीही.

मला कळत नाही ते असं. या माणसाने आयुष्यभर अंगाचं इतकं केलं. तळपायाला तेल, डोळ्यांवर रुमाल, पोटाला पेज. आणि तो पलंगावर आहे. मी अंगाला कधी विचारलं नाही आणि मी धडधाकट त्याच्या शेजारच्या खुर्चीवर. मग त्या सगळ्याचा उपयोग काय झाला? की तसं केलं म्हणूनच तो इथपर्यंत आला? याचं उत्तर डॉक्टरकडेही नसणार.

रविवार म्हणजे त्यांच्या मनाचा आराम होता, की ठरवायची भीती वाटली की लपायची जागा? गठ्ठे भिजले त्या दिवशीही ते घाबरले होते का? मी तेव्हा चूक म्हटलं. भीती असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आज आलं, तरी चूक ती चूकच. पण मग आज मला का निवडलं? मी खरं बोलते म्हणून? की एकदा मी त्यांच्या जागी उभी राहून त्यांचंच नुकसान केलं, आता पुन्हा तिथेच उभी राहून बघ, म्हणून? त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. कधीच दिसलं नाही.

आणि बदलीने काय करायचं असतं? कायमच्या माणसाने जे केलं असतं ते, की आपल्याला योग्य वाटतं ते? तेही मला ठाऊक नाही. त्यांनी काय केलं असतं? घरी गेले असते असं वाटतं. मला काय वाटतं? पत्रा गळत असेल तर माल हलवावा. पण कापडाचा गठ्ठा हलवताना मरत नाही.

नऊ वाजले. काही ठरलेलं नाही.

सोमवार. सकाळी लवकर रिक्षाने हॉस्पिटलला गेले. अर्ध्या वाटेपर्यंत 'नको' होतं. पुढे एका सिग्नलला 'हो' झालं आणि उतरताना पुन्हा काहीच नव्हतं. भाऊ अंघोळ करून, केस विंचरून बसले होते. वहिनी पायाशी.

मी जाताक्षणी म्हटलं, "आज सोमवार आहे. तुमचं मन ड्युटीवर आलंय. आता तुम्हीच सांगा."

"रविवारचं काम रविवारच्या बदलीचं," ते म्हणाले. "काय ठरलं?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टरीणबाई दारात येऊन थांबल्या होत्या.

"करायचं," मी म्हटलं.

"माज्या मनानं का तुज्या मनानं?"

"माहीत नाही, भाऊ."

त्यांनी हातातला कंगवा उशाशी ठेवला. मग म्हणाले, "तुला भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

"मला पन." त्यांनी डॉक्टरकडे हात पुढे केला. "द्या पेन."

सही त्यांनीच केली. साक्षीदार म्हणून खाली माझी. सहीशेजारी नातं लिहायचं होतं. मला काही सुचेना. डॉक्टर खोळंबल्या होत्या, म्हणून 'ऑफिस' लिहिलं. डॉक्टरने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि कागद घेऊन गेल्या.

वहिनी खाली औषधं आणायला गेल्या. स्ट्रेचर आलं. नर्सने अंगठी काढून घेतली, चष्मा काढून घेतला आणि म्हणाली, "काका, दात." भाऊंनी तोंड भिंतीकडे वळवलं, वरची-खालची कवळी काढली आणि तिच्या हातात दिली. तिने ती माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. त्यांनी तोंड इकडे केलं तेव्हा चेहरा दुसऱ्याच कोणाचा तरी होता.

दरवाज्यापाशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं. त्यांनी मान उचलली आणि मला काहीतरी सांगितलं. दोन-तीन वाक्यं असतील. दातांशिवाय एक शब्दही कळला नाही. पुन्हा विचारायला वेळ नव्हता. मी मान हलवली. दार बंद झालं.

मी बेसिनवर जाऊन कवळी घासून धुतली. खालच्या मेडिकलमधून झाकणाची डबी आणली. तिच्यात स्वच्छ पाणी भरलं, कवळी त्यात बुडवली आणि झाकण घट्ट लावलं. शुद्धीवर आल्यावर लागेल.